बोडीवरचं हसू

ब्लाउजचं माप मी आता भिंतीवर लिहीत नाही.
मागच्या दिवाळीत रंग दिला
तेव्हा अर्ध्या गावाचे दंड-गळे पुसले गेले.
आता वही आहे, दोनशे पानी,
मशीनच्या खणात तेलाच्या कुपीशेजारी,
म्हणून तिची सगळी पानं खालून पिवळी.

वहीत: सिंधूबाई टेंभुर्णे, बाही सहा, हुक मागून.
वहीत: गोळी सकाळी एक, रात्री दीड.
वहीत: तांदूळ धुतलेत. पुन्हा धुऊ नको.
वहीत: मामेसासरे वारले. त्यांची खुशाली विचारू नको.

मिरगी येते तेव्हा मी तिथे नसते.
तिच्याबद्दल मला ठाऊक ते सगळं ऐकीव.
मुलगी घड्याळ बघून लिहून ठेवते:
चार वाजून दहा. दोन मिनिटं. डाव्या कुशीवर केलं.
एरवी तिचं अक्षर उताराला लागलेलं,
या ओळींत मात्र पट्टीनं आखल्यासारखं.
पूर्वी सासू नाकाशी जोडा धरायची.
ते वर्ष गेलं, वास राहिला.

मी परत येते ती विहिरीतल्या बादलीसारखी,
काठापर्यंत येता येता अर्धी सांडलेली.
कधी आठवडा सांडतो, कधी एकच शब्द.
परवा कात्री हातात धरून
तिचं नाव शोधत बसले होते,
गिऱ्हाईक समोर, कापड पसरलेलं.

पुष्पकला म्हणते, पैसे मागच्या बुधवारीच देल्ले ना वो.
असतीलही.
तिच्याशी भांडायचं तर
माझ्याकडे तो बुधवार पाहिजे.

आणि काल, टेंभुर्णेबाईंच्या बाहीखाली
माझ्याच अक्षरात सापडलं:
आज बोडीवर खूप हसलो. पोट दुखेस्तोवर.
कारण लिहीत नाही. हे कोण विसरेल!

तारीख नाही.
उद्गारचिन्ह मात्र चांगलं ठसठशीत,
शाई पलीकडच्या पानावर उतरलेली.

मी ओळ पुन्हा वाचली.
हसले नाही लिहिलेलं, हसलो.
म्हणजे दोघी तरी असणार.
शिवाय बोडीवर एकटीनं जायची मला मनाई,
डॉक्टरची, नवऱ्याची,
आणि पाळीवर बसणाऱ्या प्रत्येक म्हातारीची.
म्हणजे कुणाकडे तरी ते हसू
अजून शाबूत असायला हवं.

जाऊ लाखोळी निवडत होती. मान न उचलता म्हणाली, मी नाही.
मुलगी म्हणाली, मी शाळेत असेन.
रेवारामनं सायकल भिंतीला टेकवली, नीट विचार केला:
"मी तं बोडीवर कधी हसलोच नाही."
हे तो इतक्या गंभीरपणे बोलला
की मला तोंडात पदर धरावा लागला.

राहिली कौतिका.
दारात बसून जाळ्याची फाटकी घरं विणत होती.
"आपण? बोडीवर? कवा वो?"
सुतळी बोटांत थांबली.
ती जाळ्याकडे बघत राहिली बराच वेळ,
ओठ जरा हलले, काही आलं नाही.
तो चेहरा मी ओळखते.
आतून ओळखते.
आजपर्यंत बाहेरून कधी पाहिला नव्हता.

तिला गोळ्या नाहीत. तिच्या नाकाशी
कुणी जोडा धरला नाही.
तरी तिच्याही बादलीतून सांडलं,
आणि ती म्हणाली, "जाऊ दे ना माय,"
आणि खरंच जाऊ दिलं, इतकं सहज,
की मला तिचा हेवा वाटला, थोडा रागही आला.

मग म्हणाली, आलीच हायेस तं माप घे.
दंड अकरा. गळा चौकोनी.
काखेपाशी टेप गेला तशी ती आखडली,
माझ्या हातून टेप सुटला,
कोंबडी तो घेऊन पळाली,
आणि पुढे आम्ही दोघी काय सांगू.

घरी येऊन वही काढली.
यावेळी कारण लिहिलं, सगळं, कोंबडीसकट.
लिहून वाचलं तर
त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

खोडलं नाही.
खाली तारीख टाकली. बुधवार.